सव्वीस मिनिटं मागं

मला ओळखणारा माणूस रस्त्यात भेटला की नमस्काराआधी मनगट पुढं करतो. "कादरभाई, बंद पाडा बघू!" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसानं मोकळा हात उचलून मला घड्याळ दाखवलं. आता वय झालं, स्टेजवर जाणं थांबलं, निम्म्या मनगटांवर तर घड्याळच नसतं. पण नांदेड-लातूरकडं माझी ओळख अजून तीच आहे, घड्याळवाला जादूगार. संपादकांनी धंद्याबद्दल लिहा म्हटलं तेव्हा मी विचारलं, कोणत्या? कारण धंदे दोन होते. दिवसा नांदेडला गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर अब्बांच्या दुकानात मी बंद पडलेली घड्याळं चालू करायचो आणि संध्याकाळी स्टेजवर चालू घड्याळं बंद पाडायचो. दुसऱ्या कामात टाळ्या जास्त मिळतात, हे मला फार लवकर कळलं.

खेळ दिसायला साधा. प्रेक्षकांतून एकाला वर बोलवायचं, त्याचं घड्याळ मागून घ्यायचं, पळणारा सेकंदकाटा चार जणांना दाखवायचा आणि त्यावर नजर रोखायची. काटा थांबतो. ते बंद घड्याळ त्याच माणसाच्या मुठीत द्यायचं, मधे दुसरे दोन-तीन खेळ करायचे, आणि शेवटी सगळ्या सभागृहाला एक-दोन-तीन म्हणायला लावून घड्याळ परत चालू. कबूतर, करवत, पेटीत कोंडलेली बाई यातलं माझ्याकडं काही नव्हतं. पण कबूतर जादूगाराचं असतं आणि घड्याळ तुमचं स्वतःचं असतं. काटा थांबला की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी हजारदा पाहिलंय आणि हजारदा मला मजा आली आहे.

सगळ्यात कठीण असायचं ते घड्याळ मिळवणं. नव्या जावयाला तर कधीच वर बोलवायचं नाही. घड्याळ सासऱ्यानं दिलेलं, सासरा पुढच्या रांगेत बसलेला, आणि जावई दोन्ही हातांनी मनगट धरून उभा. सगळ्यात उदार हेडमास्तर. शाळेत कार्यक्रम असला की आधी तेच घड्याळ काढून देणार.

अशाच एका हेडमास्तरांनी माझे डोळे उघडले. तेव्हा चावीची, म्हणजे रोज पिळायची घड्याळं होती आणि ती थांबवायला मी अंगठीत लपवलेलं लोहचुंबक वापरायचो. हे आता सांगायला हरकत नाही, कारण ती घड्याळंही गेली आणि अंगठीही आता बोटात शिरत नाही. चुंबक लागलेलं घड्याळ नंतर चालू होतं, पण कधी कधी ते बिघडतं आणि पुढं पळायला लागतं. हेडमास्तरांचं रोज दहा मिनिटं पुढं पळायला लागलं. त्या शाळेची घंटा हेडमास्तरांच्या घड्याळावर. आठवडाभरात शाळा तासभर आधी भरायला लागली, नांदेडहून एसटीनं येणारे सगळे मास्तर उशिरा ठरले आणि पोरं मात्र खूश, कारण शाळा सुटायचीही आधी. शेवटी हेडमास्तर घड्याळ घेऊन आमच्याच दुकानात आले. अब्बांनी ते उघडलं, शेजारी होकायंत्र धरलं. सुई गर्रकन फिरली. अब्बांनी माझ्या अंगठीकडं पाहिलं. हेडमास्तर गेल्यावर एवढंच म्हणाले, "खेल हो गया के पहले टाइम मिला, फिर सलाम कर. लोगां का टाइम लेके घर नक्को आ."

म्हणजे खेळ संपला की घड्याळ परत देण्याआधी त्याची वेळ बरोबर लावायची आणि मगच वाकून सलाम. तेव्हापासून माझं स्वतःचं घड्याळ मी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतो. रुमालाखाली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं, दोन सेकंदांत वेळ मिळवायची. प्रेक्षकाला कळतही नाही की आपण पंधरा मिनिटं गमावली होती आणि ती परत मिळाली. पुढं सेलची घड्याळं आली, चुंबक गेलं. बाजूची चावी नखानं बाहेर ओढली की घड्याळ उभं. नखाएवढं काम, बाकी सगळी तोंडाची वाफ.

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात एका संस्थेची माणसं मला लातूरच्या दक्षिणेकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेली. मुलांसाठी काहीतरी करा, म्हणाली. मुलं बसली, मागं मोठी माणसं उभी राहिली. सवयीनं मी घड्याळ मागितलं. कुणी पुढं येईना. मग एका म्हाताऱ्या बाबांनी आपलं घड्याळ काढलं, मला दिलं आणि लगेच माझा हात धरला.

"बंद पाडू नगंस बाबा. लई बंद पडलंय आमचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घड्याळ परत करायला लागलो तर ते जरा विचार करून म्हणाले, "पाडायचंच आसल तर पाड. पर चालू मी करनार."

तोवर घड्याळ चालू मी करायचो, माझ्या हातात, माझ्या ऐटीत. दुसऱ्याच्या हातून चालू करण्याची युक्ती माझ्याकडं नव्हती. त्या दिवशी पत्त्यांचे आणि दोरीचे खेळ करून मी परत आलो आणि दोन महिने दुकानात बसून एकच गोष्ट घोटली. घड्याळ ज्याचं त्याच्याच मुठीत, मी चार हात लांब, आणि तिथं ते चालू व्हायला पाहिजे. जमल्यावर परत त्याच शेडमध्ये गेलो. बाबांना शोधून काढलं. सगळ्यांनी एक-दोन-तीन म्हटलं, बाबांनी मूठ उघडली, काटा पळत होता. ते घड्याळ त्यांनी शेडभर फिरून दाखवलं. "मी चालू केलं! म्या!" पुढचे खेळ मला करूच दिले नाहीत. एवढा अभिमान मला कुठल्याच कार्यक्रमाचा वाटलेला नाही. ते कसं होतं हे मात्र मी इथं लिहिणार नाही. अंगठी गेली, चावीचं सांगितलं, काहीतरी माझ्याकडं राहू द्या.

आता लातूरची गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

ते दिवस लातूरला क्लासेसचे होते. गल्लोगल्ली पाट्या, घराघरात खोली भाड्यानं, चार जिल्ह्यांतली पोरं-पोरी वह्या छातीशी धरून पहाटेपासून रस्त्यावर. आमच्यासारख्या कलावंतांचंही त्यात भलं झालं. मोठ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांचा ताण जावा म्हणून क्लासवाले कार्यक्रम ठेवायचे. कुठं हास्ययोग, कुठं कीर्तन, कुठं मी. असाच एका क्लासचा कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. रविवारी सकाळी इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर.

मी वर बोलावली ती दुसऱ्या रांगेतली एक मुलगी. जादूगार नाव, गाव, मुक्काम विचारतोच. त्या बोलण्यात हात मोकळे होतात. नाव संध्या. गाव चाकूर तालुक्यातलं. वडील ग्रामपंचायतीत शिपाई. मुक्काम पाण्याच्या टाकीमागच्या पिवळ्या वसतिगृहात. घड्याळ दहावीला पहिली आली म्हणून शाळेनं दिलेलं.

"बंद पडलं तर रडशील का?" मी विचारलं.

"कामून रडू? तुम्ही चालू करताल की," ती म्हणाली. सभागृह हसलं. मी चावी ओढली, काटा थांबला, घड्याळ तिच्या मुठीत दिलं. दोन खेळ झाले, आठेक मिनिटं गेली. आता एक-दोन-तीन म्हणणार, तेवढ्यात क्लासचे संचालक माइक घेऊन वर आले. विषय काय, तर वेळेचं महत्त्व. गेलेला क्षण परत येत नाही, विद्यार्थ्यांनी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला पाहिजे, वगैरे. चांगली अठरा मिनिटं बोलले, आणि ती सगळी अठरा मिनिटं संध्या बंद घड्याळ मुठीत धरून त्यांच्या शेजारी उभी.

भाषण संपलं. मी पोरांकडून एक-दोन-तीन म्हणवून घेतलं, तिनं मूठ उघडली, काटा पळाला, छप्पर उडेल अशा टाळ्या. रुमाल टाकून घड्याळ तिच्याकडून परत घ्यायचं आणि वेळ मिळवायची, हे माझं ठरलेलं. पण त्याच क्षणी संचालकांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, डाव्या हातात नारळ दिला आणि उजव्या हातात हा एवढा गुच्छ. फोटोवाला ओरडला, "इकडं बघा!" मी इकडं पाहिलं. संध्या घड्याळ बांधत खाली उतरली. मी वाकून सलाम केला.

त्या रात्री मी लातूरला आपाकडं, म्हणजे मोठ्या बहिणीकडं राहिलो. सकाळी आरामात उठलो. आठ वाजून गेले होते. आपानं तो नारळ उचलला आणि विचारलं, "इसकू फोडूं क्या? चटणी करती." मी हो म्हणालो. तिनं नारळ हातात तोलला आणि माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. डाव्या हातात नारळ. उजव्या हातात गुच्छ. मग मी वेळ कोणत्या हातानं मिळवली?

मिळवलीच नव्हती. पोरीचं घड्याळ सव्वीस मिनिटं मागं होतं आणि दहा वाजता तिचा पेपर होता. पेपरला आत घ्यायचं ते साडेनऊपर्यंतच, नंतर फाटक बंद. हे काल संचालकांनीच तीनदा सांगितलं होतं. घड्याळ तासभर चुकलं असतं तर कुणाच्याही लक्षात येतं. सव्वीस मिनिटं लक्षात येत नाहीत, आणि पोरगी तर मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी.

मी पायजम्यावर, बनियनवर, हाताला लागली ती शाल पांघरून पळालो. मागून आपा ओरडली, "कां जा रा रे? चाय तो पी के जा!"

रिक्षानं पिवळ्या वसतिगृहाशी पोचलो. दारात रेक्टरबाई खुर्ची टाकून बसलेल्या. मांडीवर वही. मी धापा टाकत सांगितलं की संध्याला निरोप द्या, तिचं घड्याळ मागं आहे. बाईंनी मला शालीपासून चपलेपर्यंत पाहिलं.

"नातेवाईक का?"

"न्हाई. मी जादूगार हाय."

"काल एक जण मावसभाऊ होता. परवा एकाचा आजा वारला होता, तिसऱ्यांदा. यादीत नाव असल्याशिवाय इथून निरोप जात न्हाई."

"बाई, पोरीचं वर्ष जाईल!"

"तेच सगळे म्हणतेत." आणि त्यांनी वही उघडली, म्हणजे बोलणं संपलं.

त्यांचं चुकत नव्हतं. दीडशे लेकी सांभाळायच्या म्हणजे असंच पाहिजे. मी रस्त्यावरून हाका मारल्या. पण अभ्यासाची खोली मागच्या बाजूला, रस्त्याकडच्या खिडक्या बंद, आणि कुठल्यातरी बाप्याच्या हाकेला मान वर करायची नाही अशी पोरींना ताकीद. आठ पंचेचाळीस झाले होते.

मला आयुष्यात एकच गोष्ट येते, ती म्हणजे माणसं गोळा करणं. पण मी फूटपाथवर कधी खेळ केला नव्हता. माझ्या कार्डावर 'स्टेज आर्टिस्ट' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं आणि मदाऱ्यांच्या रांगेत मला कुणी बसवलं की राग यायचा. त्या दिवशी राग, कार्ड, काही आठवलं नाही. समोर पोह्यांचा गाडा होता. गाडेवाल्याचं ताट आणि झारा उचलला आणि भर रस्त्यात बडवायला सुरुवात केली.

"या हो या! काल बंद पडलेलं घड्याळ आज मागं चाललंय! बघायला पैसे न्हाईत, न बघणाऱ्याला झोप न्हाई!"

पोहे खाणारे फिरले, दूधवाला थांबला, मी त्याच्या कानामागून नाणं काढलं, लोक हसले. हसण्याचा आवाज आला की बंद खिडकी उघडते. एक उघडली, मग तीन, मग तिन्ही मजल्यांचे कठडे पोरींनी भरून गेले. "अगं, कालचे जादूगार!" रेक्टरबाई उभ्या राहिल्या, पण त्यांनाही पुढं काय होतंय ते बघायचं होतं.

इतक्या चेहऱ्यांत मला संध्या दिसेना. मी ओरडलो, "सगळ्याजणी आपापलं घड्याळ वर करा! मी तीन म्हटलं की किती वाजले ते एका आवाजात सांगायचं! एक, दोन, तीन!"

"आठ बावन्न!"

आणि त्या एका आवाजाच्या मागोमाग, दुसऱ्या मजल्यावरून, एकटीच:

"आठ सव्वीस!"

सगळी गल्ली त्या कठड्याकडं बघायला लागली. आणि मग टाळ्या! काय टाळ्या पडल्या! कशा पडणार नाहीत? जादूगारानं नजरेसमोर दुसऱ्या मजल्यावरचं घड्याळ मागं नेलं होतं. संध्यासुद्धा हसत टाळ्या वाजवत होती.

"पोरी, ही जादू न्हाई!" मी ओरडलो. "चूक हाय माझी! तुझं घड्याळ कालपासून मागं हाय!"

गल्ली आणखी हसली. जादूगार खरं बोलायला लागला की लोकांना तोही खेळाचाच भाग वाटतो.

"तुम्ही मला भेवडावून ऱ्हायलात काका," संध्या वरून म्हणाली. "आता पुढं करा की! पोरींनो, म्हणा गं!" आणि दीडशे पोरींनी तालात एक-दोन-तीन म्हटलं. तिनं घड्याळ पाहिलं. मग वाट पाहिली. अजून वाट पाहिली.

तेव्हा मी तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. शाल बाजूला टाकली, माझं घड्याळ सोडून डोक्यावर धरलं आणि चावी नखानं बाहेर ओढून दाखवली. "हे बघ. ही ओढली की बंद. डोळ्यात काही जादू न्हाई, काही मंत्र न्हाई. काल सर भाषण करत होते तेवढा वेळ तुझं घड्याळ उभं होतं, आणि मी वेळ न लावता तुला परत दिलं. तूही ओढून बघ."

कठड्यावर दीडशे चाव्या ओढल्या गेल्या. कुणी हसलं नाही. संध्यानं आपली ओढली, काटा थांबलेला पाहिला, आणि मग शेजारणीचं मनगट धरून तिच्या घड्याळाकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. काटा थांबल्यावर होतो तोच चेहरा, आणि मला पहिल्यांदा त्यात मजा वाटली नाही.

"तरीच काल मेसवाल्या मावशी म्हनल्या जेवण संपलं," ती म्हणाली, आणि आत पळाली.

नऊला निघायचं तिनं ठरवलं होतं, तिच्या घड्याळाप्रमाणं, म्हणजे खरे नऊ सव्वीस. तिचं केंद्र बाकीच्या पोरींहून वेगळं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, वीस मिनिटांवर. ती खाली आली तोवर रेक्टरबाईंनी स्वतःच रिक्षा थांबवली होती. प्रवेशपत्र, पेन्सिल, ओळखपत्र, सगळं त्यांनी तिथंच तपासलं. मीही बसायला लागलो तर बाई म्हणाल्या, "बसा. पन मी मधात." आणि खरंच आमच्या दोघांच्या मधे बसल्या.

पुढं तिला आमच्या नांदेडजवळच विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली आणि तिचे वडील पेढे घेऊन दुकानात आले. हे मी आताच सांगून टाकतो, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. पण आम्हाला रिक्षात हे माहीत नव्हतं. रविवार असून सगळं लातूर रस्त्यावर. प्रत्येक बाप आपल्या लेकराला स्कूटरवर घेऊन निघालेला. एका चौकात रिक्षा अडकली ती हलेचना. रेक्टरबाई उतरल्या आणि दोन्ही हात पसरून चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या. "पोरीचा पेपर हाय! सरका!" गाड्या सरकल्या. एवढी धडधडीत जादू मी स्टेजवर कधी केलेली नाही. संध्यानं चावी फिरवून काटे जागेवर आणले आणि माझं मनगट ओढून दोन्ही घड्याळं शेजारी धरून बघितली.

केंद्रापाशी पोचलो तेव्हा शिपाई फाटकाचा एक पल्ला लोटत होता. संध्या रिक्षा थांबायच्या आधीच उतरली. मी आणि बाई मागं धावलो, माझ्या अंगात बनियन, बाईंची एक चप्पल रिक्षात राहिलेली.

"दादा, थांबा!" ती ओरडली. शिपायानं तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि दुसरा पल्ला हातानं धरून ठेवला. ती त्या फटीतून आत गेली. आत जाऊन वळली, मनगट वर केलं आणि तिथूनच ओरडली, "नऊ एकोणतीस, काका!"

मी माझं घड्याळ पाहिलं. नऊ एकोणतीस. शिपायानं कडी घातली, आणि आम्ही दोघं बाहेर, फाटकाचे गज धरून, ती जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिलो.